पुसलेलं वर्तुळ

मी पिरोत शहरातल्या देसांकाबाईंच्या बेकरीत पिटा करणारं यंत्र. पातळ पारी, आत सारण, मग भट्टी, एवढंच माझं काम. बोलायची लाज वाटते, तरी बोलतो.

माझा जन्म कागदावर झाला. देसांकाबाईंचा मुलगा ओग्न्येन दूरदेशी शिकून परतला होता. आईचे दुखरे खांदे बघून त्याने वर्तुळं काढली, बाणांनी जोडली. एकेक वर्तुळ म्हणजे माझी एकेक अवस्था: पारी ताणली, चरबीचा किंवा तेलाचा कुंचला फिरवला, सारण भरलं, भाजलं, पुन्हा तयार. ज्या वर्तुळात उभा असेन, तेवढंच मला ठाऊक. मागचं काही आठवत नाही.

'तयार'ची वर्तुळं आधी दोन होती. एक डुकराच्या चरबीतल्या पिटानंतरचं, दुसरं तेलातल्या पिटानंतरचं.

"दोन्हींपासून पुढे सारखंच घडतं," ओग्न्येन म्हणाला. "मग एकच पुरे. यंत्राने कमीत कमी लक्षात ठेवावं, आई. तेच सुंदर."

"तुझे वडीलही असेच सुंदर होते. लग्नाचा वाढदिवस एकदाही लक्षात राहिला नाही."

त्याने हसत एक वर्तुळ पुसलं. मलाही हलकं वाटलं.

ईस्टरआधीच्या उपासात शेजारच्या झिवानाबाई आल्या. नवऱ्याच्या, मिलुटिनच्या, मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस होता. थडग्यापाशी वाटायला त्यांना कोबीचा पिटा हवा होता, निव्वळ तेलातला; या उपासात चरबी चालत नाही. त्याआधीच एका ट्रकवाल्यासाठी मी चरबीतला पिटा केला होता. कुंचला तोच, चिकट. पण मी नुसता 'तयार' होतो, कशानंतरचा ते ठाऊक नसलेला.

झिवानाबाईंनी कोपरा चाखला आणि घास रुमालात काढला.

"देसांका, यात चरबी आहे."

"मावशी, ते यंत्र..." ओग्न्येन अडखळला.

"यंत्राला का पुढे करतोस? मिलुटिनला चरबी फार आवडायची रे. पण उपास माझा आहे. त्याच्यासाठी धरलेला."

थडग्यापाशी नुसते रिवाजाचे उकडलेले गहू गेले. पिटा माझ्या ताटात गार होत राहिला. तोंड लपवायचं म्हटलं, तर त्याचं वर्तुळ माझ्यात नव्हतं.

ओग्न्येनने मान खाली घालून पुसलेलं वर्तुळ पुन्हा काढलं आणि त्याला 'कुंचला बदला'चा नवा बाण जोडला. आता चरबीनंतर कुणी तेलातला पिटा मागितला, की कुंचला बदलेपर्यंत मी हलत नाही. रांगेतले लोक चिडवतात, "देसांका, तुझं यंत्र रुसलं वाटतं." कुणी पाठीत थापही मारतं.

मारू नका, बाबांनो. मी बिघडलेलो नाही. मला आठवतंय.