भट्टीवाल्याची पहाट

रात्रभर बेकरीत पाव भाजायचे आणि लोक दात घासायला उठले की घरी येऊन आडवं व्हायचं, हा भट्टीवाल्याचा लग्नाआधीपासूनचा क्रम. दोन वर्षांपूर्वी मात्र त्याचं अंग गळाल्यासारखं झालं. पोतं उचलताना धाप, बायकोजवळ जायची इच्छा नाही, वर उगाचची चिडचिड. मेहुण्याची व्यायामशाळा होती. त्याने रक्त तपासायला लावलं. भट्टीवाला रात्रपाळी संपवून थेट लॅबमध्ये गेला. टेस्टोस्टेरॉन कमी निघालं.

"दाजी, त्याचीच सुई घ्या, वाघ व्हाल," मेहुणा म्हणाला. "ताईला मात्र सांगू नका, डोकं खाईल."

जोर आला खरा. पोती उशीसारखी उचलली जाऊ लागली. मूल मात्र होईना. बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या, तिच्यात काही दोष सापडला नाही. म्हणून आज दोघं त्याचे रिपोर्ट घेऊन हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंपुढे बसले होते.

"बाहेरून काही घेता? मलम, इंजेक्शन?"

"छे!"

"हे तर चहात साखरही घेत नाहीत," बायको म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. "रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर आहे. पण ते बनवायचा हुकूम मेंदूखालची ग्रंथी देते, आणि ती चिडीचूप आहे. शुक्रजंतूही नाहीत. कारखान्याला कुलूप आणि गोदाम मात्र भरलेलं. माल येतो कुठून?"

भट्टीवाला हातावरचे भाजल्याचे डाग बघत राहिला. "मेहुणा देतो."

"कोणता मेहुणा?" बायकोने विचारलं. तिला भाऊ एकच होता.

बाईंनी सुई कशी सुरू झाली ते काढून घेतलं आणि त्या पहिल्या तपासणीची वेळ विचारली. त्याने सांगितली.

"ती जगाची सकाळ. तुमची झोपायची वेळ. हे पुरेशी झोप घेऊन उठल्यावर, उपाशीपोटी मोजतात. कमी आलं तर पुन्हा एकदा, आणि मग कारण शोधतात. घोरता?"

"भिंत हलते," बायको म्हणाली. आवाजात हसू नव्हतं.

"घोरण्यात श्वास अडकत असेल तर त्यानेही कमी होतं. तेव्हा ते खरंच कमी होतं का, हे आता सांगता येणार नाही. सुई बंद. बाहेरून माल आला की ग्रंथी झोपते आणि शुक्रजंतू बनणंही थांबतं. काही महिने थकवा येईल, मन उदास होईल. माझ्या नजरेखाली राहा. ग्रंथी जागी झाली नाही, तर मूल हवं असणाऱ्यांसाठी वेगळी औषधं आहेत."

"जागी होईल ना?" त्याने विचारलं.

"बहुतेकांची होते. तुमची होईलच, अशी हमी मी देणार नाही."

जिना उतरताना तो म्हणाला, "तुझ्यासाठीच घेत होतो गं."

"माझ्यासाठी?" ती पायरीवरच थांबली. "दर महिन्याला मी न्हाणीघरात दार लावून रडायचे. तुम्ही बाहेर उभे असायचात. तेव्हाही घेत होतात?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"उरलेल्या बाटल्या कुठे आहेत?"

"बेकरीत. माझ्या कपाटात."

"चला."

रस्त्यात तो दोनदा काहीतरी बोलायला गेला. ती त्याच्या पुढेच चालत होती. बेकरीच्या दारात पोचल्यावर तिने हात पुढे केला, तो फक्त किल्लीसाठी.