बकरीनं खाल्लेली पट्टी

तोतारामआबांनी चांदी बकरीचा जबडा दोन्ही हातांनी उघडला आणि नातीला म्हणाले, "हाई देख. आत डोकाव. अजून वास येतोय तुझ्या पट्टीचा."

ऋतिकानं डोकावलं नाही. ती ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती आणि तिच्या हातात रिकामी काचेची डबी होती.

"आबा, बकरी पॉलियुरेथेनचं रबर खात नाही."

"पिंप्राळ्याच्या बाजारात एका बकरीनं फौजदाराची टोपी खाल्ली होती, बिल्ल्यासकट. मग आठवडाभर लोक तिला सलाम करायचे. आणि ही तर चांदी शे. पट्टी बठ्ठी गिळी गयी, अख्खी. सकाळपासून मान पुढं करते, की मान आपोआप मागं येते."

चांदीनं मान सोडवून घेतली. ती मागं आली नाही, सरळ शेवग्याच्या पाल्याकडे गेली. आबांनी तिच्याकडे घरभेद्याकडे पाहावं तसं पाहिलं.

"प्रयोगासाठी ओतलेल्यांतली शेवटची पट्टी होती," ऋतिका म्हणाली. "सोमवारी मशीनवर ताणायची आहे. प्रयोगशाळेत कूलरचा दमटपणा म्हणून घरी कोनाड्यात ठेवली होती. तिला फक्त पडू द्यायचं होतं, आबा. निवांत."

ती स्कूटी काढून विद्यापीठाकडे गेली. गल्लीच्या वळणावर तिची ओढणी दिसेनाशी झाल्यावर आबांनी सदऱ्याच्या खिशातून पट्टी काढली. दुधी रंगाची, बोटभर रुंद.

आबांनी आयुष्यात थापा पुष्कळ मारल्या, पण त्या गंमतीच्या. गरजेपोटी मारलेली ही पहिलीच, आणि तिच्यात नेमकी बकरी कच्ची निघाली.

खरी गोष्ट घरात कॉटवर बसली होती. कुंदाबाई, आबांची बायको. उन्हाळा लागल्यापासून दुपारी आबांचा डोळा लागला, की ती उठायची आणि माहेरी, एरंडोलला निघायची. एकदा अनवाणी हमरस्त्यापर्यंत गेली होती. "पानं वाढलीत, बठ्ठे खोळंबले," एवढंच सांगत होती. दीपनगरहून मुलगा हितेंद्र, ऋतिकाचा बाप, धावत आला. वीजकेंद्रात पाळीची नोकरी, त्याला तरी रोज कुठून जमणार? जाताना तो चपला घालत, वर न बघता म्हणाला होता, "आबा, पुन्हा असं झालं तर नाशिकच्या आश्रमात ठेवू तिला. तिथं लक्ष द्यायला माणसं असतात."

त्यानंतर ती तीनदा उठली होती. हितेंद्रला आबांनी यातलं काहीच कळू दिलं नव्हतं.

आबांनी आधी सुतळी बांधून पाहिली. कुंदाबाईच्या मनगटावर वळ उठला, तेव्हा आबांना दिवसभर जेवण गेलं नाही. नंतर बांधलेला लुगड्याचा काठ तिनं सोडवून घडी करून ठेवला. मग कोनाड्यात ही पट्टी दिसली. एक फास तिच्या मनगटात, एक आपल्या. ती उंबऱ्यापर्यंत जाई, पट्टी लांबत जाई, टोचत नसे, काचत नसे. फक्त ओढ लागे, आणि आबांना जाग येई.

त्या दुपारीही ओढ लागली, पण उशिरा आणि मऊ. आबांनी डोळे उघडले. कुंदाबाई उंबऱ्यात उभी होती. पट्टी ढिली लोंबत होती. उंबऱ्यापलीकडे ऋतिका उभी होती. प्रयोगशाळेतली वीज गेली म्हणून परत आलेली.

"ही... आपल्या चांदीनं ओकून टाकली," आबा म्हणाले. एवढंच सुचलं.

ऋतिकानं आजीचा हात धरून तिला कॉटवर बसवलं. कूलर बंद केला. आबांकडून तिनं सगळं ऐकून घेतलं, नाशिकसकट. मग पट्टी बोटांत ताणून सोडून पाहिली.

"ही सैल पडलीय, आबा."

"मग मालच खोटा तुझा. पहिल्या दिवशी कशी टकाटक मागं यायची."

"माल खरा आहे. तुम्ही हिला कूलरसमोर ठेवलंत, घामात ठेवलंत." ती खाली बसली. "हिच्या साखळीत दोन जातीचे तुकडे असतात. कडक आणि मऊ. त्यांचं आपसात पटत नाही. कडक तुकडे एकमेकांना धरतात, हायड्रोजन बंधानं. ती गाठ नसते. हातात हात असतो. सुटतो, पुन्हा धरता येतो. असे हात धरून ते बारीक बारीक घोळके करतात. मऊ तुकडे मधे राहतात, तेच ताणले जातात. घोळके घट्ट, म्हणून ताणलेलं परत येतं."

"एवढं पटत नाही एकमेकांशी, तर निघून का जात नाहीत?"

"एकाच साखळीत ओवलेत ना. जातील कुठं?"

आबांनी कुंदाबाईकडे पाहिलं. ती पदराच्या टोकाची घडी घालत होती, मोडत होती.

"आणि पाणी?"

"पाणी मधे शिरलं, की ते एकमेकांचा हात सोडून पाण्याचा धरतात."

"म्हणजे गेली म्हणायची."

"गेली कशी? वाळवायची, कोमट जागी पडू द्यायची. हळूहळू पुन्हा शोधतात एकमेकांना."

"बठ्ठे?"

ऋतिकानं पट्टीचा पीळ सोडवला. "बरेचसे," ती म्हणाली.

मग तिनं आजीच्या आणि आबांच्या मनगटातला फास अलगद काढला. "रविवारी बाबांना मी सगळं खरं सांगणार आहे."

आबांची मान खाली गेली.

"आणि हेही सांगणार, की दुपारी मी इथंच बसून प्रबंध लिहिणार. तो कुठंतरी बसून लिहायचाच आहे. आजीला नाशिकला मी जाऊ देणार नाही."

फोन वाजला. तिचे सर होते. ऋतिकानं आबांकडे पाठ केली.

"नाही सर, सोमवारी नाही जमणार... ती पट्टी... सर, ती बकरीनं खाल्ली." पलीकडून प्रश्न आला असावा. "हो सर. आमच्या घरची. पूर्ण गिळली. नवीन ओतते मी."

"मान मागं येते, ते सांग," आबा कुजबुजले.

"आणि सर, तिची मान आपोआप मागं येते."

आबांनी डोळे मिटले. पोरगी वाया गेली नव्हती.

ऋतिका पट्टी घेऊन कोनाड्याकडे गेली. आबा कॉटवर कुंदाबाईशेजारी आडवे झाले. मोकळं मनगट त्यांना हलकं लागत होतं, आणि ते त्यांना आवडलं नाही.

तेवढ्यात त्यांच्या नाकासमोर एक हात आला. कुंदाबाईनं मनगट पुढं केलं होतं. ओठांच्या कोपऱ्यावर शहाण्या बाईचा राग होता, जुना, ओळखीचा.

"बांधा ना," ती म्हणाली. "नही तं तुम्ही कोठेबी निंघी जातस. मी कोठे कोठे शोधू?"

 आबांनी आपला हात तिच्या हातात दिला.