पाचवी नोंद

वॉशिंग मशीन पीप पीप करून थांबलं आणि डॉक्टरीणबाई खुर्चीतून ताडकन उठल्या. हात मॉनिटर शोधत हवेतच राहिला.

"अगं, कपडे झालेत," सासूबाई हसल्या. "पेशंट नाहीये तो. बस तू, मी घालते वाळत."

त्या ओशाळून पुन्हा लॅपटॉपसमोर बसल्या. त्यांच्या डॉक्टरकीच्या नोंदणीची मुदत आज पाचला संपत होती. त्याआधी अर्ज गेला नाही, तर उद्यापासून तातडीच्या दवाखान्यात रुग्णाला हात लावायची सोय नव्हती. अर्जात पाच रुग्ण लिहायचे होते: काय केलंत, काय शिकलात, पुढे रुग्णाचं काय झालं.

आता तातडीच्या दवाखान्यातला रुग्ण म्हणजे आला तसा गेला. तरी चौघांचा पत्ता त्यांनी आठवडाभर फोन करकरून लावला होता. पाचवा काही सापडेना. दोन वर्षांपूर्वीचा मुलगा, चारेक वर्षांचा, अंगात पिवळा स्वेटर. शेजारणीनं उचलून आणलेला, धाप लागलेली. त्यांना दमा वाटला. श्वासनळीत मणी अडकलाय हे कळायला चार मिनिटं गेली. श्वास जेमतेम सांभाळून त्याला मोठ्या रुग्णालयात धाडलं. त्या धावपळीत नाव लिहायचं राहूनच गेलं.

"दुसरा कुणी घाल ना," नवरा म्हणाला. "हजारो तपासलेस."

"शिकले ते त्या पिवळ्या स्वेटरवाल्याकडून. तेव्हापासून धाप लागलेलं मूल आलं की आधी विचारते, खेळत काय होता?"

"मग लिही, बरा झाला. कोण बघायला येतंय?"

"माझ्या सहीवर लोक डोळे मिटून गोळी गिळतात रे. तीच सही करायचीय इथे."

नवऱ्यानं घड्याळाकडे पाहिलं. "आणि अर्ज परत आला तर?"

"तर बसेन घरी. आईंना मदत होईल."

"नको गं बाई!" गॅलरीतून सासूबाई ओरडल्या. "तू घरी असलीस की दिवसातून तीनदा माझं बीपी मोजतेस!"

पाचला दहा मिनिटं कमी असताना त्यांनी ती चार मिनिटं जशीच्या तशी लिहिली. शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'शोधलं. कळलं नाही.' आणि बटण दाबलं.

मघापासून टेबलाखाली बसून सगळं ऐकणारी लेक मांडीवर चढली. तिच्या स्वतःच्या बाह्या मनगटाच्या वर आल्या होत्या. त्या खाली ओढत तिनं विचारलं,

"आई, तो पिवळा स्वेटर त्याला आता लहान होत असेल ना गं?"