रिकामी गाडी

सुनेनं दुधाचा कॅन पेंडीच्या गाडीत चढवला, तसा ड्रायव्हरनं तो उचलून पुन्हा खाली ठेवला.

“वहिनी, पेंडीच्या गाडीत दूध चालत नाही. दूध संघाचा नियम आहे.”

“खाली रिकामीच चाललीय ना?”

“रिकामी जाईल. पण दूध नाही.”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पेंड विकायला संघाची गाडी डोंगर चढून थेट गोठ्यापर्यंत यायची, तेही भाडं पोत्याच्या किमतीत धरून. दूध मात्र बायकांनी डोक्यावर घेऊन खाली संघात पोचवायचं. त्यात अर्धा दिवस जायचा, गवत कापायला वेळ उरायचा नाही, मग गाईपुढे विकतची पेंड. एका हातानं दूध घ्यायचं आणि दुसऱ्या हातानं पेंड माथी मारायची! या पायपिटीपायी गाय विकायची पाळी आली होती, आणि तिला ती विकायची नव्हती.

“कुणी केला असला आंधळा नियम?”

ड्रायव्हरनं नुसती ओट्याकडे मान वळवली. तिथं तिचे सासरे बसले होते. वस्तीनं मोठ्या विश्वासानं त्यांनाच संघाच्या कमिटीवर निवडून दिलं होतं.

“मामंजी?”

म्हातारा चुळबुळला. “अध्यक्षांनी विचारलं, वरच्या लोकांचं दूध गाडीनं आणायचं का. मी म्हटलं, गाडी कशाला? आमची सून भरला कॅन डोक्यावर घेऊन पळत उतरते. गाडीत दूध नको असं ठरलं, पण सगळी कमिटी तुझी वाहवा करायला लागली गं.”

“आणि तुमची छाती फुगली.”

“कौतुकच केलं ना तुझं!”

असलं कौतुक घाला चुलीत, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून तिनं डोक्यावरची चुंबळ काढली, सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवली आणि शेजारी कॅन टेकवला.

सासऱ्यांनी ड्रायव्हरकडे बघितलं. “मला तरी बसू दे रे.”

“तुम्ही बसा की, काका. कमिटी मेंबर आहात. कॅन तेवढा नको.”

म्हातारा गाडीच्या मोकळ्या हौद्याकडे बघत राहिला. मग चुंबळ डोक्यावर ठेवून वाकला. कॅन चढवायला ड्रायव्हरनंच हात दिला.

गाडी धुरळा उडवत पुढे गेली. सासरे पायानं वाट चाचपत उताराला लागले. या चालीनं ऊन तापायच्या आत दूध पोचणार नव्हतं, नासणारच होतं. तिला ते कळत होतं. तरी तिनं हाक मारली नाही. विळा उचलला आणि कितीतरी दिवसांनी ती गवताला गेली.