शिक्का थांबला तेव्हा

साहेबांबरोबर आलेल्या मिस्त्रीने पोस्टाचा शिक्का उंबऱ्यावर उलटा धरला आणि छिन्नीचा एकच घाव घातला. गावाच्या नावावर आडवी चीर गेली. पोस्टवाल्या बाई बघतच राहिल्या.

"अहो, हे काय केलंत?"

"नियम आहे, बाई. जुना शिक्का निकामी करूनच जमा करायचा," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता. नवं यंत्र त्यांनी स्वतः पुसून टेबलावर मांडलं होतं. "आता ठोकाठोक नाही. बटण दाबा, शिक्का छापलेली चिकटपट्टी बाहेर येते. आवाजसुद्धा होत नाही."

आवाज होत नाही, हेच तर. पोस्ट घराच्या पुढच्या खोलीत. मागच्या खोलीत बाईंचे यजमान अंथरुणाला खिळलेले, दृष्टीही गेलेली. शिक्क्याची धपधप चालू म्हणजे बायको जागेवर, आणि ती थांबली म्हणजे जेवण येतंय, एवढं त्यांना पुरायचं. पण यंत्राचं कौतुक चाललेलं असताना हे रडगाणं कोण ऐकणार?

साहेब गेले आणि यंत्र बघायला अख्खा गाव लोटला. जो तो बोलत होता. बाई चिकटपट्ट्या लावत होत्या. मनगट दुखत नव्हतं, हेही खरं.

तेवढ्यात आतून काहीतरी जड पडलं.

बाई धावल्या. वर्षानुवर्षं न उठलेला माणूस मधल्या दारात पालथा पडला होता. कपाळाला खोक पडली होती, एक हात पुढे चाचपडत होता.

"आहेस ना तू?"

"अहो, मी कुठे जाणार?"

"शिक्का थांबला. जेवण आलं नाही. किती हाका मारल्या. म्हटलं, गेलीस."

गर्दीच्या गलक्यात बाईंना त्या हाका ऐकूच आल्या नव्हत्या. गर्दीतल्या दूधवाल्याने आत येऊन यजमानांना उचललं, नाहीतर एकट्या बाईंच्याने ते झालं नसतं.

जखम बांधून झाल्यावर त्यांनी साहेबांनी दिलेल्या मदतीच्या नंबरावर फोन लावला.

"यंत्र बंद पडलंय का?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"नाही. चांगलं चालतंय."

"मग अडचण काय आहे, ताई?"

बाईंनी मधल्या दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "काही नाही गं."

दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने पाकीट पुढे केलं. बाईंनी चिकटपट्टी लावली आणि स्वयंपाकघरातलं लाटणं टेबलावर धपकन आपटलं. रांग दचकली. कालचं ठाऊक असलेला दूधवाला मागे वळून म्हणाला, "नवीन पद्धत आहे. गप उभे राहा."

"आज आवाज वेगळा येतोय," आतून यजमान म्हणाले.

"नवा शिक्का आलाय," बाई म्हणाल्या.

दुपारी रांग सरली. पोस्टात चिटपाखरू नव्हतं. रिकाम्या टेबलावर बाई मधूनमधून लाटणं आपटत बसल्या.