मीठदाणी

उस्तादांनी भाजलेलं मांस पंधरा दिवस फ्रीजरमध्ये पडून होतं. फ्रीजर उघडला की त्यांची बायको ते बाजूला सारून मागचे मटार काढायची आणि दार लावून टाकायची. आज मात्र तिने मनाचा हिय्या केला. मुलगा आणि धाकटी मुलगी दोघंही जेवायला यायची होती, आणि उस्ताद गेल्यापासून घरात धड स्वयंपाक असा झाला नव्हता.

उस्ताद हे नाव त्यांना हॉटेलच्या भटारखान्यात मिळालेलं. मांस भाजण्यात त्यांचा हातखंडा होता. निवृत्त झाल्यावर एका तापात त्यांची चव गेली ती गेलीच. पण दर रविवारी घरच्या ओव्हनपुढे ते पूर्वीसारखेच ऐटीत उभे राहायचे. मीठ घालताना मनाची खात्री पटेना, म्हणून आणखी एक मूठ घालायचे. मग पानात जे पडायचं ते समुद्रातून थेट आल्यासारखं असायचं.

"जमलंय ना?" ते विचारायचे.

"वा, उस्ताद!" सगळे म्हणायचे आणि टेबलाखाली पाण्याचा तांब्या एकमेकांकडे सरकवायचे.

मीठदाणी टेबलावर दिसली तर त्यांच्या मनात नसती शंका येईल, म्हणून बायकोने ती चहाच्या डब्यामागे लपवून ठेवली होती. उरलेल्या मांसाचा सोमवारी ती रस्सा करायची. त्यात भरपूर बटाटे, गाजर, कांदा, पण मिठाचा कणही नाही. बटाट्यांनी मीठ ओढून घेतलं की रस्सा असा काही जमायचा की मुलं भांडं पुसून खायची. उस्ताद तेवढे नाक मुरडायचे. "शिळ्याला कसली आलीये चव!" चव न कळणाऱ्या माणसाचा हा तोरा बघून तिला हसू आवरायचं नाही. या माणसाला शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं, आणि ते आपण तडीस नेलं याचंच काय ते तिला समाधान होतं.

तिने मांसाचे तुकडे केले. एका कडेचा काप नव्हता. त्या रविवारी ट्रे टेबलावर ठेवून उस्तादांनी तो कापला होता, तोंडात टाकला होता आणि खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. बाकी मांसाला कुणी हातही लावला नव्हता.

कांदा परतला, बटाटे टाकले, पाणी ओतलं. चव तिने घेतली नाही. या रश्श्याची ती कधीच घेत नसे. घरभर ओळखीचा वास सुटला तेव्हा तिला जरा बरं वाटलं.

जेवायला बसल्यावर पहिला घास मुलाने घेतला आणि तो थांबला. धाकटीने आईकडे पाहिलं.

"काय झालं रे?"

"काही नाही. छान झालंय," मुलगा म्हणाला. उस्तादांना म्हणायचा अगदी त्याच आवाजात.

तिने स्वतः घास घेतला. रस्सा ठार अळणी होता. बोटांनी मांसाचा तुकडा उचलून नुसता चघळला. त्यातही मीठ नव्हतं.

"मीठच घातलं नव्हतं ह्यांनी," ती म्हणाली. "कोणी सांगितलं ह्यांना? तू?"

"कुणीच नाही सांगितलं. त्यांना ठाऊक होतं गं, आई." मुलाने चमचा खाली ठेवला. "त्या दिवशी मीठदाणी त्यांनीच शोधून काढली, पुसली आणि मधोमध ठेवली. मला म्हणाले, आजपासून ज्याने त्याने आपापलं मीठ घ्यावं, माझ्या हातावर माझाच भरवसा राहिला नाही. आणि म्हणाले, तुझ्या आईला काही बोलू नकोस, मीठदाणी तिची तिलाच दिसू दे."

तिने पाहिली होती ना ती मीठदाणी! धाकटीचाच वेंधळेपणा समजून तिच्यावर डोळे वटारले होते, झटक्यात उचलून डब्यामागे टाकली होती. वळली तेव्हा उस्ताद ट्रे घेऊन दारात उभे होते. तिने हसून म्हटलं होतं, "वा, काय वास सुटलाय, उस्ताद!" त्यांनी एकदा डब्याकडे पाहिलं होतं आणि ट्रे टेबलावर ठेवला होता.

"ह्यांनी बघितलं मला," ती म्हणाली. "लपवताना बघितलं."

धाकटी उठली. चहाच्या डब्यामागून तिने मीठदाणी आणली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. बराच वेळ कुणी हात लावेना. शेवटी आईनेच पुढे होऊन चिमूटभर मीठ घेतलं, रश्श्यात सोडलं आणि चमच्याने ढवळलं.

"घेतलं हो," रिकाम्या खुर्चीकडे बघत ती म्हणाली. "हे बघा, घेतलं मी."