हळद चढलेला बेडूक

मुठा गावच्या ओढ्याकाठी त्या दिवशी जमली तेवढी माणसं आमच्या लोकल बोर्डाच्या शाळेत वर्षभरात आली नसतील. साल होतं सत्तावन्न, पावसाळ्याची सुरुवात. बेडूकबाबा मूल न होणाऱ्या बायकांचं भविष्य सांगत होते; कुणी त्यांच्यापुढे कोंबडी ठेवत, कुणी नुसता नमस्कार करत. बाईने बाबांच्या टोपलीतला मातकट बेडूक घागरीतल्या पाण्यात सोडायचा, वर फडकं बांधायचं आणि दुपारी ते सोडायचं. बेडूक पिवळाधमक निघाला की बायका ओरडत, "हळद चढली!" आता कूस उजवणार याबद्दल मग कुणाला शंका उरत नसे. बेडूक पिवळा होतो याबद्दल मलाही शंका नव्हती.

रंभाबाईचा मात्र मातकटच राहिला.

"वांझ कूस," बाबा डोळे मिटून म्हणाले. "मंडूकराजानं तोंड फिरवलं."

सासू गोजराबाईने तिथल्या तिथे निकाल दिला. "हैबत, दुसरी बायकू कर. हिला म्हायेरी लावून दे."

हैबतराव खाली बघत राहिला. रंभाबाईने घागर तेवढी घट्ट धरली. मला संताप आला.

"गोजराबाई, बाबांना कोंबडी दिली होती?"

"हिच्यापायी कोंबडी कोण घालवील, गुरुजी?"

मी शेजारणीचा पिवळा बेडूक आणि रंभाबाईचा मातकट, दोन्ही उताणे करून दाखवले. पिवळ्याच्या गळ्याला दोन निळ्या पिशव्या, पुढचे अंगठे जाडजूड. मातकटाला यातलं काहीच नाही.

"हा नर, ही मादी. विणीचे दिवस आले आणि पाणी मिळालं की नर पिवळा होतो. मादी कधीच होत नाही. बाबा अंगठे चाचपून कोंबडीवालीला नर देतात, बाकीच्यांना मादी."

"विज्ञानाला देव कळत नाही," बाबा म्हणाले.

ती जोडी मी सर्वांदेखत गुरांच्या पाण्याच्या डोणीत सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर मोहरीसारखी काळी अंडी पसरली होती. बाबा कोंबड्यांसह निघून गेले होते.

"ही तुमची वांझ," मी म्हणालो. "बेडकाचा रंग बेडकापुरता. तो बाईबद्दल काय सांगणार? दुसऱ्याचं ऐकण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मूल होत नसेल तर पौडच्या डॉक्टरांकडे जा, आणि नवरा-बायको दोघंही जा."

"हैबत कशाला?" गोजराबाई कडाडली. "त्याला काय धाड भरलीया?"

"तपासल्याबिगर कसं कळायचं?" रंभाबाई प्रथमच बोलली. "आन् तपासल्याबिगर मीबी म्हायेरी जायाची न्हाई."

हैबतरावाने आईकडे पाहिलं, मग गोठ्यात जाऊन बैल सोडले आणि दोघांनी पौडला जायला गाडी जुंपली.